नुंगंबाक्कमच्या हिरवळीवरची भूछत्रं
महाराष्ट्रात भूछत्रं आषाढ-श्रावणात उगवतात. चेन्नईचा मुख्य पाऊस मात्र ऑक्टोबर ते डिसेंबरचा, त्यामुळे तिथल्या नुंगंबाक्कम भागातल्या बागांत ती शोधायची तर दिवाळीच्या सुमारास.

सापडलेलं भूछत्र ओळखायचं तर फोटो नुसता वरून काढून भागत नाही. छत्रीखालचे पातळ पडदे, देठावरचं कडं, मातीतला बुंधा, सारं टिपायला हवं. मापासाठी शेजारी नाणं.

मग छत्री कापून, पडदे खाली करून रात्रभर पांढऱ्या कागदावर ठेवावी. सकाळी बीजाणूंचा रंग उमटतो, आणि खरी ओळख तिथेच पटते! हिरवळीवरचं ‘क्लोरोफायलम मोलिब्डायटिस’ हे भूछत्र पांढरंशुभ्र, अगदी खाण्याजोगं दिसतं. बीजाणू मात्र मळकट हिरवे. पोटात गेलं तर काही तासांतच जोरदार उलट्या-जुलाब होतात. कोवळेपणी त्याचे पडदेही पांढरेच असतात, म्हणून निव्वळ फोटो पाहून ते कुणी रांधू नये.