माहितीचे दप्तर : आभासी यंत्र की सर्व्हरलेस?



जमिनीचा उतारा असो वा शालान्त परीक्षेचा निकाल, शासनाचे दप्तर आता संगणकातील डेटाबेसमध्ये साठविले जाते. हा डेटाबेस कसा चालवावा, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे. त्याच्याशी सार्वजनिक पैसा आणि खिडकीपाशी तिष्ठणारा नागरिक निगडित आहे.

त्यासाठी दोन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला आभासी यंत्राचा. एका मोठ्या संगणकाचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र विभाग पाडून त्यांपैकी एकावर डेटाबेस ठेवला जातो. आयबीएमने १९७२ साली जाहीर केलेली व्हीएम/३७० ही प्रणाली याच तत्त्वावर आधारलेली होती. असे यंत्र दावणीच्या बैलासारखे असते. औत नसले तरी वैरण लागतेच. त्याची निगा राखणारा जाणकारही लागतो. त्याची बदली झाली की कामाचा खोळंबा होतो.

दुसरा मार्ग सर्व्हरलेसचा. येथे सर्व्हर नसतो असे नव्हे; त्याची देखभाल पुरवठादार करतो आणि क्षमता मागणीनुसार कमी-अधिक होते. ॲमेझॉनची 'ऑरोरा सर्व्हरलेस' सेवा २०१८ साली सर्वांना खुली झाली. तिची दुसरी आवृत्ती नोव्हेंबर २०२४ पासून, काम नसल्यास शून्य क्षमतेपर्यंत थांबू शकते. तेव्हा साठवणुकीचा आकार मात्र चालूच राहतो आणि पुन्हा जागे होण्यास सुमारे १५ सेकंद लागतात.

निकालाचे काम वर्षभर शांत असते आणि एका दिवशी त्यावर झुंबड उडते. तेथे सर्व्हरलेस सोयीचे. तालुका कचेरीत मात्र दिवसभर सारखीच वर्दळ असते. तेवढ्याच क्षमतेसाठी सर्व्हरलेसचा दर सामान्यतः अधिक पडत असल्याने तेथे आभासी यंत्र किफायतशीर ठरते.

सर्व्हरलेस स्वीकारताना क्षमतेची कमाल मर्यादा विचारपूर्वक ठरवावी. ती फार मोठी असल्यास देयक फुगते. फार लहान असल्यास गर्दीच्या दिवशीच सेवा अडते. उद्या पुरवठादार बदलावा लागला तर माहिती सहज हलविता यावी, म्हणून पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या खुल्या प्रणालीशी जुळणारी सेवा पसंत करावी. माहितीची प्रत वेळोवेळी परत उतरवून पाहणे आणि ती कोणी पाहावी हे ठरविणे, ही जबाबदारी दोन्ही मार्गांत खात्याचीच राहते.

म्हणून प्रथम काही महिन्यांच्या वापराची नोंद ठेवावी, कामाची भरती-ओहोटी जाणून घ्यावी आणि मगच निर्णय करावा. नवलाईपेक्षा नागरिकाची सोय मोठी, हे भान निवड करताना सुटू नये.