घरातले दप्तर आणि त्याचा ताळा



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यांपैकी काहींच्या मनात असा प्रश्न आला असेल, की घरातील सर्व्हर बिघडला तर तो नीट करणे हे कारागिराचे काम. त्यावर व्याख्यान ते कसले? शंका रास्त आहे. परंतु विहिरीवरील पंप बिघडला तर नवा पंप आणता येतो. पाणी विहिरीतच असते. साठवणीचे यंत्र बिघडले तर नवे यंत्र आणता येते, पण आत जे होते ते कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. म्हणून हा विषय केवळ कारागिराचा नाही, तो घरधन्याचा आणि घरधनिणीचाही आहे.

पूर्वी प्रत्येक घरात एक पत्र्याची पेटी असे. तीत खरेदीखत, फेरफाराची नक्कल, जन्मपत्रिका आणि दोनचार फोटो असत. आज ती पेटी मोबाइलात गेली आणि मोबाइल भरला म्हणून परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावीही काही घरांत लहानसा सर्व्हर आला. दोन-चार हार्ड डिस्क बसतील अशी एक पेटी, चोवीस तास जागा असणारा एक छोटा संगणक, एवढेच त्याचे स्वरूप. घरातील सर्वांचे फोटो, कागदपत्रे आणि आजीच्या आवाजातील ओव्या तीत जमा होतात. फोटो स्टुडिओवाल्याची दहा वर्षांची लग्ने तीत असतात, डॉक्टरांच्या रुग्णांचे कागद तीत असतात.

कोणत्या कागदाला उद्या काय मोल येईल हे आज सांगता येत नाही. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या काळची दप्तरे उर्दूत व मोडीत पडून राहिली होती. २०२३ साली मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा त्याच दप्तरांची पाने पुन्हा उलटली जाऊ लागली. ज्या घराण्याचे पान सापडले त्याची गोष्ट निराळी, ज्याचे पान वाळवीने खाल्ले त्याची निराळी. वाळवी दिसते तरी. डिस्कमधली वाळवी दिसत नाही, आणि आजच्या व्याख्यानाचे मर्म तेथेच आहे.

प्रथम डिस्क म्हणजे काय ते पाहू. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सारी मिळून ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलचा एखादा फोटो तीत जेमतेम बसला असता. आजची डिस्क तळहातावर मावते. तिची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारी सुई तबकडीला न टेकता केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी लहान अशा अंतरावर तरंगत असते. असे यंत्र वर्षानुवर्षे चालते याचे नवल वाटले पाहिजे. ते एके दिवशी थांबते याचे नव्हे. तेव्हा डिस्क बिघडणार हे गृहीत धरून चालणे हाच या शास्त्राचा पहिला सिद्धान्त होय.

आता दुसरा सिद्धान्त. लहानपणी आपण गुणाकार केला की गुरुजी नवाचा ताळा पाहावयास लावीत. ३४७ गुणिले १२ बरोबर ४१६४. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज शेवटी ५, दुसरीची ३. त्यांचा गुणाकार १५, म्हणजे ६. उत्तराच्या अंकांची बेरीजही शेवटी ६. ताळा जमला. यंत्रही हेच करू शकते. प्रत्येक मजकूर लिहिताना त्याचा ताळा काढून तो निराळा जपून ठेवावयाचा आणि वाचताना पुन्हा पडताळून पाहावयाचा. नवाच्या ताळ्यास अंकांची अदलाबदल उमगत नाही. यंत्राचा ताळा यापेक्षा पुष्कळ कडक असतो. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २००५ साली झेडएफएस नावाची साठवणपद्धती लोकांस खुली केली. तिचे वैशिष्ट्य हेच. ताळा चुकला की ती शेजारच्या डिस्कवरील चांगली प्रत घेते, वाचणाऱ्यास तीच देते आणि नासलेली दुरुस्त करते. परंतु जो फोटो कोणी उघडतच नाही त्याचा ताळा कोण पाहणार? म्हणून महिन्यातून एकदा सर्व साठा पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून घ्यावा लागतो. त्यास स्क्रब म्हणतात. धान्याच्या कणगीला ऊन दाखवावे तसे हे आहे.

आता चुकीची सूचना आली म्हणजे काय करावे? बहुतेक जण येथे घाबरतात आणि घाईने डिस्क उपसतात. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय मात्रा देत नाही. आपणही देऊ नये. समजा, जिंतूर रस्त्यावरील एका घरात चार डिस्कचा सर्व्हर आहे आणि सकाळी पडद्यावर लाल अक्षरे आली. पहिले काम दुरुस्तीचे नव्हे. जे अत्यंत मोलाचे आहे त्याची प्रत बाहेरच्या एखाद्या डिस्कवर आहे की नाही, हे पाहणे हे पहिले काम; नसेल तर ती प्रथम करणे. दुसरे काम, सूचना शब्दशः उतरवून घेणे: कोणती डिस्क, कोणता अनुक्रमांक, किती चुका. डिस्कच्या अंगावर अनुक्रमांक छापलेला असतो. तो आधीच कागदावर टिपून पेटीला चिकटवून ठेवलेला असला म्हणजे आजारी डिस्क सोडून निरोगी डिस्क काढण्याचा अनर्थ टळतो.

तिसरे काम रोगाचे निदान. प्रत्येक डिस्क स्वतःची प्रकृती स्वतः टिपून ठेवते. या टिपणास स्मार्ट असे नाव आहे. त्यातील दोन प्रकारचे आकडे आपण ओळखावेत. एक, तबकडीवरील खराब जागांचे. डिस्कने बदलून घेतलेल्या जागा आणि वाचता न आलेल्या, निकालाची वाट पाहणाऱ्या जागा यांत मोडतात. दुसरा आकडा वाहतुकीतील चुकांचा, ज्याला सीआरसी म्हणतात. हा दुसरा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो. केबल काढून नीट बसवा किंवा बदला. मात्र हा आकडा मागे जात नाही. तो पूर्वी किती होता हे लिहून ठेवून आता वाढतो की थांबतो एवढेच पाहावयाचे. पहिल्या प्रकारचा आकडा आठवड्यागणिक वाढत असेल, तर ती डिस्क सेवानिवृत्त करावी हे उत्तम.

संशय राहिला तर एक सोपी कसोटी आहे. यंत्र रीतसर बंद करून आजारी डिस्क दुसऱ्या खणात घाला. चूक डिस्कमागोमाग गेली तर दोष डिस्कचा. चूक जुन्या खणातच राहिली तर दोष खणाचा, केबलचा किंवा वीजपुरवठ्याचा. आणि चारही डिस्क एकाच दिवशी कुरकुरू लागल्या तर? एका वाड्यातील सारी माणसे एकाच दिवशी आजारी पडली तर शहाणा वैद्य आधी पाण्याचा हंडा पाहतो. तसे येथे वीजपुरवठा, डिस्क जोडणारे कार्ड आणि संगणकाची स्मृती ही तीन स्थाने आधी तपासावीत. डिस्क टक् टक् आवाज करू लागली आणि तीत काही एकमेव असेल, तर मात्र कसलाही प्रयोग न करता यंत्र बंद करावे.

स्मार्टच्या टिपणावर सर्वस्वी विसंबूही नये. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक दिसल्यावर साठ दिवसांत डिस्क बंद पडण्याचा संभव, तशी चूक नसलेल्या डिस्कपेक्षा, ३९ पट असतो असे त्यांस आढळले. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांनी प्रमुख चार लक्षणांपैकी एकही दाखविले नव्हते. म्हणजे लक्षण दिसले तर ते खरे मानावे. दिसले नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. दोन डिस्कवर एकच मजकूर राहील अशी व्यवस्था केली की लोक म्हणतात, आता आमचा बॅकअप झाला. तो झाला नाही. ती आरशातील प्रतिमा आहे. आपण कपाळावरचे कुंकू पुसले की आरशातलेही पुसले जाते. चुकून फोटो खोडला की तो दोन्हीकडून जातो, आणि चोराने पेटी नेली की दोन्ही डिस्क एकत्रच जातात. शिवाय खराब डिस्क बदलल्यावर नवी भरताना उरलेल्या डिस्क तासन् तास सतत वाचाव्या लागतात; एकाच दिवशी विकत घेतलेल्या त्यांच्या भावंडांस हा ताण नेमका त्याच वेळी असह्य होऊ शकतो. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने यावर सुटसुटीत नियम रूढ केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. परभणीच्या घराची एक प्रत सेलूला मामाकडे किंवा पुण्याला लेकीकडे असावी. २०२४ च्या सप्टेंबरच्या आरंभी आपल्याकडे झालेली अतिवृष्टी ज्यांनी पाहिली, त्यांस एकाच छपराखाली सर्व प्रती का ठेवू नयेत हे सांगण्याची गरज नाही.

आता अपडेटविषयी. या बाबतीत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, चालते यंत्र छेडू नये. दुसरा सूचना येताच बटण दाबतो. दोन्ही पंथ संकटात पडलेले आम्हांस दिसतात. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रणालीने इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या घरगुती सर्व्हरांतील मजकूर कुलूपबंद करून पैसे मागितले. दार उघडे ठेवून वर कडी जुनी ठेवणारे त्यात सापडले. उलट २०२३ च्या नोव्हेंबरात झेडएफएसच्या नव्या आवृत्तीवर काही फायली प्रत होताना मुकाट्याने बिघडत असल्याचे लक्षात आले. शोध घेता दोष मुळात जुनाच असून नव्या सोयीमुळे तो वर आला असे दिसले, आणि काही आठवड्यांत दुरुस्त आवृत्ती निघाली. एकाला आळस नडला, दुसऱ्याला घाई नडली.

म्हणून मध्यम मार्ग असा. सुरक्षिततेची दुरुस्ती लवकर घ्यावी. नव्या सोयींची मोठी आवृत्ती काही आठवडे थांबून घ्यावी. आजारी यंत्रावर अपडेट करू नये. आधी डिस्कचा निकाल, स्क्रब पूर्ण, मग अपडेट. सर्व मांडणीची नोंद यंत्राबाहेर काढून ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे बिघाड झाला तर कारण शोधता येते. अपडेटनंतर फोटो दिसेनासे झाले तर ते गेले असे मानून रडू नये. पुष्कळदा नव्या आवृत्तीने जुनी, असुरक्षित बोलण्याची पद्धत बंद केलेली असते, आणि केवळ जुन्या टीव्हीला किंवा संगणकाला सर्व्हर ओळखता येत नाही. मजकूर जागच्या जागी असतो. आणि शेवटची गोष्ट: अपडेटनंतर साठ्याची रचनाच नव्या पद्धतीची करून घ्या, असे यंत्र सुचवील. ती केली की जुन्या आवृत्तीस तो साठा बहुधा उघडता येत नाही. कोंढाण्यावर सूर्याजीने दोर कापले, ते लढणाऱ्यांस मागे पळता येऊ नये म्हणून. आपल्याला येथे पळण्याची वाट हवी आहे. महिनाभर दोर कापू नयेत.

आपल्या हवेचाही विचार केला पाहिजे. वैशाखात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. माळ्यावर पत्र्याखाली किंवा देवघराच्या बंद कोनाड्यात सर्व्हर ठेवणे म्हणजे त्याला भट्टीत ठेवणे होय. धूळ पंख्यात साचते, ती दर दोन महिन्यांनी काढावी. वीज गेली की लिहिता लिहिता लेखणी मोडावी तसे होते. म्हणून यूपीएस हवा, आणि त्याची संदेशाची तार सर्व्हरला जोडलेली हवी, म्हणजे विजेचा साठा संपत आला की यंत्र स्वतःहून नीट मिटून घेईल. ती तार खोक्यातच पडून राहिलेली आम्ही अनेक ठिकाणी पाहिली आहे.

शेवटी, यंत्रापलीकडची एक गोष्ट. जनाबाईचे गाव आपले गंगाखेड. तिचे अभंग टिकले ते अनेक कंठांत आणि अनेक वह्यांत होते म्हणून. पण ताळा पाहणारे कोणी नसल्याने पाठभेदही झाले. वेदपाठकांनी मात्र क्रम, जटा, घन अशा उलटसुलट पाठांची युक्ती काढली, म्हणजे एक अक्षर हलले तरी कानाला कळावे. महानुभावांची परंपरा सांगते, की लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली, तेव्हा हिराइसेसारख्यांच्या स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला. प्रती पुष्कळ हव्यात, त्यांस ताळा हवा, आणि ते जाणणारे माणूसही एकाहून अधिक हवे.

आज बहुतेक घरांत हे ज्ञान एकट्याच्या डोक्यात असते. तो पुण्यामुंबईस नोकरीला गेला, किंवा जगातूनच गेला, की पेटी चालू असूनही घराला बंद होते. तेव्हा या आठवड्यात एवढे करा. साध्या मराठीत एक कागद लिहा: काय कोठे आहे, दुसरी प्रत कोणाकडे आहे, किल्लीचा शब्द कोठे ठेवला आहे, लाल अक्षरे आली तर प्रथम काय करावे. तो घरातील दुसऱ्या एका माणसाकडून वाचून घ्या आणि त्याच्याच हातून एक जुना फोटो दुसऱ्या प्रतीतून परत काढून दाखवावयास सांगा. तो फोटो निघाला तर आपले दप्तर शाबूत आहे. न निघाला तर तो आजच कळला हे बरे झाले, असे समजून कामाला लागावे.