आठ दिवसांचे बहरीन

खानापूर तालुक्यातील माणूस परदेशी जातो तो बहुधा पोटासाठी जातो. घरातला एक मुलगा आखातात नोकरीला लागतो, दोन वर्षांतून एकदा महिनाभर घरी येतो आणि पुन्हा निघून जातो. मग एखाद्या वर्षी तो म्हणतो, ‘या खेपेला तुम्हीच इकडे या.’ वडील नुकतेच निवृत्त झालेले, आई बेळगावापलीकडे फारशी न गेलेली. अशा आईवडिलांनी आठ दिवसांचा बहरीनचा प्रवास कसा आखावा, याचा विचार आज करावयाचा आहे.

पहिला प्रश्न ऋतूचा. ज्या तालुक्यात कणकुंबीच्या रानात मलप्रभा उगम पावते, तेथील माणसास पावसाचे भय नसते. बहरीनमध्ये मात्र वर्षभराचा पाऊस शंभर मिलिमीटरही भरत नाही आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर चढतो. तेव्हा आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी या प्रवासास निरुपयोगी होय. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. रमजानचा महिना दरवर्षी पुढेमागे सरकतो. त्या दिवसांत दिवसा उघड्यावर खाणेपिणे चालत नाही, हे लक्षात घेऊन तारखा ठरवाव्यात. निघण्यापूर्वी त्या भागातील परिस्थितीविषयी भारत सरकारच्या सूचना पाहाव्यात, आणि नेहमीच्या औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी.

दुसरा प्रश्न दिवसांचा. तेथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. पुष्कळ कचेऱ्या शनिवारीही बंद असतात. शुक्रवारी सकाळी पोचून पुढच्या शुक्रवारी रात्री निघाले, तर आठ दिवसांत मुलाच्या दोन सुट्ट्या हाती लागतात. मुंबईहून विमानास सुमारे चार तास लागतात, आणि तेथील घड्याळ आपल्या घड्याळाच्या अडीच तास मागे असते.

बेटांचा हा देश खानापूर तालुक्याहूनही लहान आहे. त्यामुळे मुलगा कामावर असतानाही आईवडिलांना सावकाश पुष्कळ काही पाहता येते. समुद्रकाठचा बहरीनचा किल्ला पाहिल्यावाचून येऊ नये. सोळाव्या शतकात तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता. गोव्याच्या शेजाऱ्यास ते नाव परके नाही. त्या किल्ल्याखाली चार हजार वर्षांपूर्वीच्या दिलमून संस्कृतीचे अवशेष आहेत, आणि सिंधू संस्कृतीची वजने तेथे सापडली आहेत. म्हणजे आपल्याकडील व्यापारी या बेटावर जात, ही गोष्ट विमानाहून फार जुनी आहे. आली नावाच्या गावी प्राचीन थडग्यांच्या टेकड्या आहेत, आणि त्यांच्या शेजारीच कुंभारांची चाके फिरतात. ज्या खानापुरात कुंभारकामाचे शिक्षण देणारी संस्था आहे, तेथील पाहुणा त्या भट्टीपुढे थोडा वेळ उभा राहील, यात शंका नाही.

मुहर्रकमध्ये मोत्यांच्या व्यापाऱ्यांचे जुने वाडे आहेत. २०१२ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. आपल्या आज्या ज्यांना बसरा मोती म्हणत, ते मोती याच आखातातून मुंबईच्या बाजारात येत. जपानी कृत्रिम मोती आणि जागतिक मंदी यांनी तो धंदा बुडविला. त्याच सुमारास, १९३२ साली, तेथे तेल सापडले. मनामा शहरातील जुन्या बाजारात सिंधी व्यापाऱ्यांनी दोनशे वर्षांपूर्वी स्थापिलेले श्रीनाथजींचे मंदिर आहे. त्याच शहरात १९३९ साली बांधलेले सेक्रेड हार्ट चर्च आहे. तेथे शुक्रवारीही मिस्सा होते, कारण कामकरी माणसास तोच दिवस मोकळा असतो.

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि तोच सर्वांत नाजूक. १९६५ सालापर्यंत बहरीनमध्ये रुपयाचा व्यवहार होता. आज एका दिनारास दोनशेहून अधिक रुपये मोजावे लागतात. मुलगा कंपनीच्या खोलीत चौघांसह राहत असेल, तर तेथे पाहुण्यास उतरता येणार नाही, आणि हॉटेलाचा खर्च अंगावर येईल. ही गोष्ट तो आपण होऊन सांगणार नाही. म्हणून वडिलांनी ती आधीच, त्याला संकोच वाटणार नाही अशा रीतीने, विचारून घ्यावी. आणि तिकिटाचा भार तरी स्वतः उचलावा. त्याची वर्षाची शिल्लक आठ दिवसांत संपून गेली, तर त्या आनंदाची किंमत पुढे त्यालाच द्यावी लागेल. शेजाऱ्यांसाठी सोने, अत्तर, कापड आणण्याच्या याद्या घरीच ठेवून जाव्यात.

आईस मात्र एक गोष्ट पाहावयाची असते, आणि ती कोणत्याही मार्गदर्शिकेत लिहिलेली नसते. मुलगा कोठे निजतो, काय जेवतो, कोणाच्या सोबतीने राहतो, हे तिला डोळ्यांनी पाहावयाचे असते. खोली लहान असेल, स्वयंपाकाची जागा सामाईक असेल. तरीही एका शुक्रवारी तेथे जाऊन तिने त्याला आणि त्याच्या सोबत्यांना भाकरी करून वाढावी. आठ दिवसांतला तो एक दिवस आरंभीच राखून ठेवावा, आणि उरलेल्या सात दिवसांची आखणी मग करावी.