स्वमग्न मुलांचे गणित-विज्ञान आणि यंत्राची संगत

स्वमग्न मुलांचे आईवडील सल्ल्यासाठी येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, की मुलाला मोबाइल द्यावा की काढून घ्यावा? याचे होय किंवा नाही असे उत्तर मी देत नाही. कारण जे यंत्र मुलाला तासन्‌तास एकाच चित्रफितीत गुंतवून ठेवते, तेच शिक्षकाच्या देखरेखीखाली एका ठरलेल्या कामापुरते हाती आले असता, फळ्यासमोर बसून जे त्याला उमगले नव्हते ते उमजवून देऊ शकते.

लिओ कॅनर या वैद्याने १९४३ साली अमेरिकेत अकरा स्वमग्न मुलांचे जे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, त्यात या मुलांना नित्यक्रमातला बदल मुळीच सोसत नाही ही गोष्ट ठळकपणे नोंदलेली आहे. इथेच यंत्र कामी येते. तीच क्रिया केली असता तेच उत्तर, त्याच स्वरात, शंभराव्या वेळीही देण्याचे जे धैर्य संगणकाला आहे ते आम्हा शिक्षकांना नाही. आमचा आवाज चढतो, आणि आवाज चढला की ज्याचे कान मुळातच हळवे आहेत अशा मुलाच्या हातून अपूर्णांकही निसटतो. मात्र प्रत्येक स्वमग्न मूल गणितात विलक्षण असते, ही चित्रपटांनी पसरवलेली समजूत कृपया मनातून काढून टाकावी.

आरंभ मुलाच्या आवडीपासून करावा. समजा, एखाद्या मुलाला आगगाडीचे वेड आहे आणि कोल्हापूरहून निघालेली गाडी रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर करीत मिरजेला कशी पोहोचते हे तो दिवसभर घोकतो. घरचे कंटाळतात, मला मात्र त्यात अभ्यासक्रम दिसतो. १८९१ साली सुरू झालेला हा लोहमार्ग सुमारे ४७ किलोमीटरचा आहे. स्थानकांची नावे, अंतरे आणि वेळा संगणकावरच्या तक्त्यात मुलाने स्वतः भराव्यात, दोन स्थानकांमधला वेग काढावा, मग त्याचा आलेख पाहावा; आणि पुढे एके दिवशी, गाडी दहा मिनिटे उशिरा सुटली तर आलेखाचे काय होईल असे हळूच विचारावे. जो बदल या मुलाला प्रत्यक्षात असह्य होतो, तो आकड्यांत त्याला निर्धास्तपणे हाताळता येतो.

विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा संगणकावरचा प्रयोगसंच विनामूल्य उपलब्ध आहे. नोबेल पारितोषिक मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी तो २००२ साली सुरू केला आणि त्यातले कित्येक प्रयोग मराठीतही आहेत. विद्युतमंडलाच्या प्रयोगात तार चुकीची जोडली तर पडद्यावर ज्वाळा दिसतात, इजा कोणालाच होत नाही आणि कोणी रागेही भरत नाही. पण काम इथे संपले असे समजू नये. पडद्यावरचा दिवा आणि टेबलावरचा दिवा एकाच नियमाने पेटतात, हे या मुलांना आपोआप उमगेलच असे नाही. म्हणून शक्यतो दुसऱ्याच दिवशी खरा सेल, खरी तार आणि खरा बल्ब त्याच क्रमाने त्याच्या हाती द्यावा. ही पायरी गाळली जाते, आणि मग यंत्रमानवाच्या संचासारखे खर्च करून आणलेले साहित्यही कपाटात पडून राहते.

आता न बोलणाऱ्या मुलांविषयी. ज्याला बोलता येत नाही त्याला उत्तरही येत नाही, असा निकाल शाळेत फार लवकर दिला जातो. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले ‘जेलो’ हे विनामूल्य अ‍ॅप चित्रावर बोट ठेवताच मराठीत शब्द उच्चारते. ‘अजून’, ‘नको’ एवढे दोन शब्द मिळाले तरी धड्याचा ताबा काही अंशी मुलाकडे येतो.

खबरदारी थोडीच. एका वेळी एकच अ‍ॅप उघडावे, अनावश्यक आवाज बंद ठेवावेत, आणि काम संपण्याच्या पाच मिनिटे आधी सूचना द्यावी. यंत्र बक्षीस म्हणून देऊ नये, शिक्षा म्हणून हिसकावू नये.

राहता राहिली परीक्षा, जी अद्याप कागदावरच होते. म्हणून पडद्यावर सोडवलेले उदाहरण आठवड्यातून काही वेळा वहीतही उतरवून घ्यावे. जादा वेळ आणि लेखनिक यांची मुभा मिळण्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडलेला प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावा लागतो; दहावीचे वर्ष उजाडण्याची वाट न पाहता पालकांनी नववीतच मुख्याध्यापकांची गाठ घ्यावी आणि अर्जाची पोच मागून घ्यावी.