पंधरा ते पन्नास: एका मॅटॅडोरची गोष्ट

आजचा भाग गाड्यांचा आहे, पण मायलेज आणि टॉप स्पीड विचारू नका. आजची गाडी गेल्या बावीस वर्षांत एक किलोमीटरही चाललेली नव्हती.

सुरुवात एका शब्दापासून करते. 'टेम्पो'. घर बदलायचंय? टेम्पो सांगा. गणपती आणायचाय? टेम्पो बघा. गाडी कुठल्याही कंपनीची असू दे, आपण तिला टेम्पोच म्हणतो. हा शब्द आला एका जर्मन ब्रँडवरून. हॅम्बुर्गजवळच्या हारबुर्गमध्ये 'विडाल अँड झोन' नावाची कंपनी होती, ती 'टेम्पो' नावानं मालवाहू गाड्या बनवायची. १९५८ साली स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी बजाज टेम्पो कंपनी सुरू केली आणि जर्मनांच्या सहकार्यानं इथे तीनचाकी टेम्पो बनू लागले. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला मोठा कारखाना झाला. आजची फोर्स मोटर्स ती हीच, फक्त नाव बदललंय.

याच कंपनीची चारचाकी व्हॅन म्हणजे मॅटॅडोर. चपटं नाक, इंजिन पुढे ड्रायव्हरच्या शेजारी एका डब्याखाली, आणि मागे हवं ते. कुणी सीट टाकून वऱ्हाड नेलं, कुणी शाळेची पोरं नेली, कुणी ॲम्ब्युलन्स केली. आमच्या घरी होती ती बंद बॉडीची. तिला बाजूला खिडक्या नाहीत, मागे दोन दारं आणि आत पावाच्या ट्रेसाठी लोखंडी पट्ट्या.

आमची कराडला बेकरी होती. १९८८ साली आजोबांनी ही मॅटॅडोर घेतली आणि पुढची तेरा वर्षं माझ्या काकांनी ती चालवली. पहाटे चारला भट्टीवरून निघायचं, मल्हारपेठ, पाटण करत कोयनानगरपर्यंत पाव टाकायचा आणि दुपारच्या आत परत यायचं. २००१ मध्ये बेकरी बंद झाली. गाडी मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली, 'बघू पुढे' म्हणून. ते 'पुढे' आलं २०२३ मध्ये. जमिनीची वाटणी झाली, शेड मोकळी करायची ठरलं. भंगारवाला येऊन बघून गेला. अडतीस हजार म्हणाला, स्वतः कापून नेणार. घरात सगळे खूश.

मी म्हटलं, ते अडतीस हजार मी देते.

घरच्यांना वाटलं पुण्यातली नोकरी डोक्यात गेली. पण मी भावनेच्या भरात बोलले नव्हते, आणि आजचा मुद्दा तोच आहे.

आपल्याकडे जुन्या गाड्या कुणाच्या टिकल्या? संस्थानिकांच्या. रोल्स-रॉइस, ब्यूक, कॅडिलॅक. त्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या असायच्या, पुसायला माणसं असायची. कामाच्या गाडीचं तसं नसतं. तिला कामानंच मारलेलं असतं. चेपली की ठोकून सरळ करायची, गंजली की वरून रंग मारायचा, आणि परवडेनाशी झाली की कापायची. त्यामुळे महाराजांची मोटार बघायची तर प्रदर्शनात जाता येतं. पण रोज पहाटे तुमच्या गावात पाव आणणारी गाडी बघायची असेल तर कुठे जाणार?

यात कायद्याचाही एक भाग आहे. तो नीट ऐका, कारण बहुतेकांना माहीत नसतो. २०२१च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं 'व्हिंटेज' गाड्यांसाठी वेगळा नियम आणला. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल नको. मग नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नूतनीकरणाला पाच हजार, मुदत दहा वर्षं. रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांपुरतीच बाहेर काढायची. चांगला नियम आहे. पण त्यात येतात दुचाकी आणि प्रवासी मोटारी. मालवाहू गाडी येत नाही.

म्हणजे हिशेब बघा. साधारण पंधरा वर्षांनी गाडी 'जुनी' होते. पासिंग, फी, हरित कर असं एकेक मागे लागतं. आणि 'ऐतिहासिक' व्हायला पन्नास वर्षं लागतात. मधली पस्तीस वर्षं ती कुणाचीच नसते. कामाला नको, संग्रहाला नको. गाड्या मरतात त्या याच काळात. आमची मॅटॅडोर तेव्हा पस्तीस वर्षांची होती, बरोबर त्या खड्ड्यात. आणि मालवाहू असल्यामुळे पन्नाशी गाठली तरी आजच्या नियमात बसणार नाही. ती कुणी वाचवायची? कागदावर तरी कुणीच नाही.

आता कामाकडे येते. तुमच्याकडे अशी एखादी गाडी पडलेली असेल तर हा भाग उपयोगी पडेल.

पहिला नियम: चावी फिरवायची नाही. बॅटरी लावून 'बघू लागते का' हा मोह सगळ्यांना होतो. पण बावीस वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीला रिंगा चिकटलेल्या असतात. सेल्फ मारला तर रिंगा तुटतात, भिंतीवर चरे पडतात. आमच्या मिस्त्रींनी आधी नोझल काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडलं आणि म्हणाले, "ताई, आता आठ दिवस हिला हात लावायचा नाही." नवव्या दिवशी पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावला आणि हातानं हळूहळू, मागे-पुढे, मागे-पुढे. दुपारपर्यंत काही नाही. संध्याकाळी कुठे दोन बोटं हललं. मग पूर्ण फिरलं.

इथे एक गोष्ट आमच्या बाजूनं होती. या मॅटॅडोरमध्ये मर्सिडीजचं 'ओएम ६१६' इंजिन आहे. २.४ लिटरचं, चार सिलिंडरचं डिझेल. हो, मर्सिडीजच्या २४० डी मोटारीत असायचं तेच. बजाज टेम्पोनं ते परवान्यावर इथे बनवलं आणि पुढे ट्रॅक्स, ट्रॅव्हलरमध्येही वापरलं. त्यामुळे इंजिनचे पार्ट आजही मिळतात. जे मिळाले नाहीत ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनवून घेतले. जुना तुकडा टेबलावर ठेवायचा, "असाच पाहिजे" म्हणायचं. लेथवर बसलेला माणूस तो फिरवून बघतो आणि परवा या म्हणतो.

दुसरं डिझेल. टाकीत जे होतं त्याला डिझेल म्हणवत नव्हतं. काळा, चिकट गाळ. टाकी उतरवून धुतली, पाइप बदलले, फिल्टर बदलले, पंप सोडवून तपासायला दिला. पंपाबद्दल एक धोका सांगते. पेट्रोल गाडीची चावी बंद केली की ठिणगी बंद, इंजिन बंद. जुन्या डिझेलला ठिणगीच नसते. पंपातला रॅक गंजून पूर्ण उघडा अडकला, तर इंजिन सुसाट सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. त्याला थांबवायचं म्हणजे हवा तोडायची. म्हणून पहिल्यांदा चालू करताना मिस्त्रींनी मला एक जाड फळी दिली आणि हवेच्या तोंडाशी उभं केलं. "मी ओरडलो की दाबायची. घाबरून मागं सरायचं नाही."

काका तेव्हा शेडच्या दारात स्टुलावर बसले होते. चौऱ्याहत्तर वय, दोन्ही गुडघे गेलेले. मॅटॅडोरच्या केबिनमध्ये चढायचं म्हणजे पाय पार उंच टाकावा लागतो, ते आता त्यांना जमत नाही. इतके दिवस ते फारसं काही बोलले नव्हते. "पत्रा आहे पोरी, पत्रा गंजायचाच," एवढंच. सेल्फ मारला. इंजिन फिरलं, धूर नाही. परत मारला. एकदा ढूस, बंद. मिस्त्री पंपाकडे वाकले तोच मागून काका म्हणाले, "एअर हाय अजून. दोन नंबरचा नट सोड."

दोन नंबरचा नट सोडला. फेस आला, मग स्वच्छ डिझेल आलं. आवळला. पुढच्या सेल्फला पांढऱ्या धुराचा लोट उठला, गाडी अशी हादरली की शेडचे पत्रे वाजायला लागले, आणि मग तो आवाज सुरू झाला. टक टक टक टक. फळी हातातच राहिली, लागली नाही. काका उठले नाहीत. फक्त म्हणाले, "टायमिंग जरा पुढं हाय."

नंतर मिस्त्रींनी तपासलं. होतं.

तिसरं ब्रेक, आणि यात काटकसर करायची नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यानं सिलिंडर आतून गंजतात. मास्टर, चारही व्हील सिलिंडर, होजपाइप, सगळं नवीन. टायरची नक्षी छान दिसत होती, पण रबर दगड झालं होतं. तेही नवीन.

आणि चौथी बॉडी. खरा वाद इथे झाला. छताच्या पट्ट्या आतून सडल्या होत्या. पेंटर म्हणाला, गरम पाव भरून दारं लावायचात ना, त्याची वाफ तेरा वर्षं छताला लागलीये. उजव्या बाजूचा खालचा पत्रा तर हातानं तुटत होता. तो म्हणाला, "सगळं घासू, लांबी भरू, नवीनासारखी करून देतो. मेटॅलिक मारा, फूड ट्रक छान होईल."

माझाही जीव थोडा वरखाली झाला. चमकणारी गाडी कुणाला नको असते? फोटोही भारी येतील. पण डाव्या बाजूला घासून बघताना वरच्या निळ्या रंगाखाली पिवळं काहीतरी दिसलं. मग मशीन बंद केलं आणि मी स्वतः वॉटर पेपर घेऊन बसले. बारीक पेपर, भरपूर पाणी, बोटभर जागा. चार रविवार लागले. खालून बेकरीचं नाव आलं, हातानं ब्रशनं रंगवलेलं. आणि त्याखाली बारीक अक्षरात: कराड – मल्हारपेठ – पाटण – कोयनानगर.

घरात एकाकडेही या गाडीचा फोटो नाही. रोजच्या गाडीचा फोटो काढतंय कोण? त्या पत्र्यावरची ती ओळ सोडली, तर माझ्या घरानं तेरा वर्षं रोज काय केलं याचा दुसरा कुठलाही पुरावा उरलेला नाही. तो लांबी भरून गुळगुळीत करायचा?

मग आम्ही असं केलं. उजवी बाजू सडलीच होती, तिथे नवा पत्रा आणि साधा पिवळा रंग. डावी बाजू आहे तशी. उडालेला रंग, चेपलेलं दार, पुसट अक्षरं, त्यावर फक्त क्लिअर कोट. पेंटरला ते अजून पटलेलं नाही. "लोक म्हणतील काम अर्धवट सोडलं," म्हणतो. म्हणू देत.

आता गाडी मळ्यात चालते, वळते, थांबते. रस्त्यावर अजून नाही, कारण कागद. नंबर १९८९च्या आधीचा आहे, म्हणजे 'एमएच' सुरू होण्यापूर्वीचा, तीन अक्षरांचा. अशा जुन्या गाड्यांची नोंद 'वाहन' पोर्टलवर असेलच असं नाही. मूळ आरसी दाखवून बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. मग थकलेला कर, विमा, पासिंग, पीयूसी. आरटीओत तीन चकरा झाल्यात, अजून होतील. आमचं नशीब एवढंच, की आरसी आजीच्या ट्रंकेत साडीच्या घडीत मिळाली, आणि नोंदणी कुणी रद्द केलेली नव्हती. भंगारात काढून नोंदणी एकदा रद्द झाली की तो रस्ता बंद.

म्हणून जाता जाता तीन कामं सांगते. तुमच्या गावात, मळ्यात, गोठ्यामागे अशी एखादी गाडी उभी असेल. मॅटॅडोर असो, जुना तीनचाकी टेम्पो असो, नाहीतर कुणाच्या दुधाची व्हॅन. विकत घेऊ नका, लगेच दुरुस्तही करायला जाऊ नका. आधी मोबाइल काढा आणि चारही बाजूंनी फोटो घ्या, चासी नंबरच्या पट्टीचासुद्धा. दुसरं, घरात आरसी बुक शोधा. गाडीपेक्षा ते लवकर हरवतं. आणि तिसरं, ती गाडी जो चालवायचा त्याला शोधा, फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि विचारा: ही सकाळी सुरू कशी करायचात?

इंजिनचे पार्ट उद्यमनगरात बनवून मिळतात. दोन नंबरचा नट मात्र काकांनाच माहीत होता.

भेटू पुढच्या भागात.