ते भोक बुजवायचं नसतं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आयटीतली माझी वाटचाल' असा विषय दिला होता. पण आपल्या तुकडीत आयटीवाले इतके झालेत की तो विषय कुणीही उठून बोलू शकेल. म्हणून मी परवानगी घेऊन विषय बदलला आहे. मी आज मोटरसायकलच्या कूलंट गळतीबद्दल बोलणार आहे. हसा, हरकत नाही. मागच्या रांगेतले तर आधीपासूनच हसताहेत. पण ही गळती शोधताना मला जे समजलं ते मी ऑफिसात रोज वापरते, म्हणून सांगावंसं वाटलं.

आपण शाळेत होतो तेव्हा स्टँडवर कोणत्या गाड्या उभ्या असायच्या, आठवा. लूना, चेतक, एम-एटी, आणि कुणाच्या तरी मोठ्या भावाची आरएक्स हंड्रेड. या सगळ्या हवेवर थंड होणाऱ्या. इंजिनाला पातळ पाती असायची, त्यांवरून वारा गेला की उष्णता निघून जायची. चेतकला आत पंखा होता. गाडीत पेट्रोल आणि ऑइल एवढंच घालायचं, पाणी कधी घालायचं नसायचं. पाणी घालायचं ते ट्रकला आणि अँबॅसॅडरला.

नंतर लहान इंजिनातून जास्त ताकद काढायला सुरुवात झाली. २००८ साली यामाहाची आर-फिफ्टीन आली, दीडशे सीसीची, पण रेडिएटरवाली. २०१२ मध्ये आपल्या चाकणला तयार झालेली केटीएमची दोनशे ड्यूक आली, त्याच वर्षी पल्सर दोनशे एनएस आली. जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता, आणि ती नुसत्या वाऱ्याने भागेना. म्हणून इंजिनाभोवती कूलंट फिरवायचं, ते पुढच्या रेडिएटरमध्ये आणून थंड करायचं आणि पुन्हा आत पाठवायचं. हे फिरवण्याचं काम एक छोटा पंप करतो. आज तुमच्यापैकी अनेकांच्या मुलांकडे अशी गाडी आहे.

त्यात दाब कसा चालतो ते स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सांगते. आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यातलं पाणी शंभराच्या जरा आधीच उकळतं. पण कुकरमध्ये दाब वाढतो आणि तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. त्यावर बहुतेक वेळा १.१ असा आकडा असतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण तेवढाच जास्त दाब ते आत धरून ठेवतं. त्यामुळे कूलंट लवकर उकळत नाही. दाब त्याहून वाढला की जादा कूलंट बाजूच्या बाटलीत जातं, आणि गाडी थंड झाली की परत आत ओढलं जातं. कुकरची वाफ जिरल्याशिवाय आपण झाकण काढत नाही. गरम रेडिएटरचंही तसंच. तेवढं एक वाक्य आज घरी जाऊन मुलांना नक्की सांगा.

आता गाडीकडे येते. माझा धाकटा भाऊ औषध कंपनीत एमआर आहे. आठवड्यात अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, पंढरपूर अशी त्याची फिरती. गाडी त्याची स्वतःची, दोनशे सीसीची, रेडिएटरवाली. मे महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी घरी आले होते आणि घरूनच काम करत होते. त्याच आठवड्यात त्याची गाडी गळायला लागली. सकाळी अंगणात हिरवट थेंब, बाटलीतली पातळी खाली, आणि बार्शी रोडवर तापमानाचा दिवा लागला. सोलापूरचा मे तुम्हाला सांगायला नको. अशा उन्हात कूलंट संपलं आणि गाडी तशीच दामटली तर पिस्टन जाम होतो.

गॅरेजमध्ये त्याला दोन पर्याय सांगितले गेले. एक, हेडचं पॅकिंग गेलं असेल, इंजिनकाम काढावं लागेल, सोळा हजार धरून चला. दोन, महिना कसाबसा काढायचा असेल तर खालून जिथून गळतंय तिथे एमसील भरून देतो. त्याचे चार दिवस वाया गेले होते, महिनाअखेर जवळ आली होती आणि वरिष्ठांचे फोन सुरू झाले होते. रात्री जेवताना तो म्हणाला, "ताई, विकूनच टाकतो गाडी. हप्ते फिटलेत, जे येतील ते येतील." गाडी विकली की फिरती बंद, आणि फिरती बंद म्हणजे नोकरीच धोक्यात, हे घरात सगळ्यांना कळत होतं. आई नुसती ताटाकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "दोन दिवस दे. आधी गळतंय कुठून ते बघू."

सॉफ्टवेअरमध्ये आमचा एक नियम आहे. बिघाड आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा घडवून दाखवता आला नाही, तोवर दुरुस्तीला हात लावायचा नाही. आणि तपासण्या करायच्या त्या आधी फुकटच्या, मग स्वस्त, आणि शेवटी महागड्या.

फुकटची पहिली तपासणी म्हणजे इंजिन ऑइलचा रंग. कूलंट ऑइलमध्ये मिसळलं तर ऑइल दुधाळ चहासारखं दिसतं. काचेतून बघितलं, काळसर पण स्वच्छ होतं. दुसरी तपासणी अशी की गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढायचं, इंजिन चालू करायचं आणि आत बघत राहायचं. हेडचं पॅकिंग गेलं असेल तर जळालेला वायू कूलंटमध्ये घुसतो आणि बुडबुडे थांबतच नाहीत. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले, मग पृष्ठभाग शांत. तिसरी तपासणी, गरम झाल्यावर सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का. नव्हता. म्हणजे पंधरा मिनिटांत, एक पैसा खर्च न करता, सोळा हजारांच्या शंकेतला बराचसा जोर गेला.

आता खरी गळती. अंगणातला डाग नेहमी गाडीच्या डाव्या बाजूला पडायचा. म्हणून भावाने डावीकडच्या पाइपची क्लिप आधीच बदलून घेतली होती, तरी डाग कायम. आता विचार करा, साइड स्टँडवर गाडी कुठे कलते? डावीकडे. इंजिनाखाली प्लॅस्टिकचं एक पन्हाळं असतं. कूलंट कुठूनही गळलं तरी त्या पन्हाळ्यात जमून डावीकडूनच खाली येणार. चालत्या गाडीवर वारा त्याला आणखी मागे ढकलणार. थेंब पडतो ती जागा फक्त त्याच्या प्रवासाचा शेवट सांगते.

आम्ही ते पन्हाळं काढलं. इंजिन बाहेरून धुतलं, पुसलं, पूर्ण वाळू दिलं. मग आईच्या कपाटातली टाल्कम पावडर घेऊन पाइपांचे जोड, रेडिएटरच्या कडा, पंपाची बाजू सगळीकडे हलकी भुरभुरवली. दुकानात वेगळा स्प्रे मिळतो, पण पावडर तेच काम करते. कोरड्या पावडरीवर ओल आली की रेघ उमटते. गाडी दोन लाकडी ओंडक्यांत सरळ उभी केली, खाली वर्तमानपत्र अंथरलं, आणि इंजिन सुरू केलं.

नुसत्या संथ चालीवर काहीच झालं नाही. रेडिएटरचा पंखा सुरू होऊन बंद झाला, तरी पावडर कोरडी. भाऊ म्हणाला, "बघ, घरी गळतच नाही. रस्त्यावरच गळते." ते वाक्य महत्त्वाचं होतं. रस्त्यावर वेगळं काय असतं? पंप जोरात फिरतो. म्हणून त्याला ॲक्सिलरेटर चार हजारांवर धरून ठेवायला सांगितलं आणि मी बॅटरी घेऊन खाली वाकले. तिसऱ्या मिनिटाला उजव्या बाजूला पावडरीवर एक ओली रेघ उतरताना दिसली. रेघ दिसली की तिच्या खालच्या टोकाकडे बघायचं नसतं, वर वर जायचं, जिथे पावडर कोरडी राहिली आहे तिथपर्यंत. ती रेघ पंपाच्या खालच्या एका बारीक भोकापाशी संपली.

"सापडलं!" भाऊ म्हणाला. "म्हणजे गॅरेजवाले बरोबरच बोलत होते. लाव एमसील."

मित्रहो, माझ्या भाषणाचा सगळा विषय ते भोक आहे.

पंपाचा दांडा एका बाजूने इंजिनात, म्हणजे ऑइलमध्ये असतो आणि दुसऱ्या बाजूने कूलंटमध्ये. ही दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दांड्यावर दोन सील असतात, एक ऑइल अडवणारं, एक कूलंट अडवणारं. या दोन सीलांच्या मधे थोडी मोकळी जागा ठेवलेली असते आणि तिथून बाहेर येणारं हे भोक. ते पडलेलं नसतं, कुणीतरी विचार करून पाडलेलं असतं. कूलंटचं सील झिजलं तर गळालेलं कूलंट ऑइलकडे न जाता बाहेर जमिनीवर यावं, आणि मालकाला दिसावं, एवढ्यासाठीच. मी त्याला चुगलखोर भोक म्हणते.

आता ते बुजवलं तर? अंगण कोरडं होईल. सगळे खूश. पण गळणं थांबलेलं नसेल. कूलंट त्या मधल्या जागेत साठेल, ऑइलच्या सीलवर रेटा देईल आणि एक दिवस इंजिनात शिरेल. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग वाचवत नाही. तेव्हा मात्र इंजिनकाम खरोखरच निघेल, आणि तेही एखाद्या भर दुपारी, पंढरपूरच्या रस्त्यावर.

भावाने एमसीलची पुडी खाली ठेवली.

दुरुस्ती मोठी नव्हती, चिकाटीची होती. थंड गाडीतून कूलंट आणि ऑइल दोन्ही काढलं. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, म्हणून गल्लीतली कुत्री येऊ नयेत यासाठी ते झाकणाच्या कॅनमध्ये भरलं, गटारात सोडलं नाही. उजव्या बाजूचं झाकण उतरवलं. प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढून त्याच जागी खोचून ठेवला, कारण सगळ्यांची लांबी सारखी नसते. आतलं सील निघालं तेव्हा त्याच्या रबराची कड कडक झाली होती आणि पंपाच्या झाकणात पांढरा क्षार बसला होता. फिरतीवर पातळी कमी दिसली की कुठल्यातरी बोअरचं पाणी भरलं जातं. आपल्या भागातलं बोअरचं पाणी किती जड असतं ते घरचे नळ आणि बादल्या सांगतात. तेच क्षार सीलला घासतात. दांड्यावर नख फिरवून पाहिलं, खाच लागली नाही, म्हणजे दांडा वाचला होता. नवी दोन्ही सीलं, नवं पॅकिंग, एक रबरी रिंग, ऑइल आणि तयार कूलंट मिळून दोन हजारांच्या आत भागलं. बोल्ट बेताने आवळले, लहान बोल्टला जोर दाखवायचा नसतो. कूलंट भरून, पाइप दाबून दाबून आतली हवा काढली.

मग सात रात्री गाडीखाली रोज नवं वर्तमानपत्र. सातही कोरडी. आठव्या दिवशी भाऊ अक्कलकोटला जाऊन आला. ती गाडी आजही त्याच्याकडे आहे, आणि आता दर रविवारी बाटलीतली पातळी तो स्वतः बघतो. वर भरायचं झालं तर फक्त तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटर.

आमच्या ऑफिसातही अशी भोकं असतात. रात्री दोनला कुठला तरी प्रोग्राम लाल इशारा देतो. कंटाळून कुणीतरी म्हणतं, "तो इशाराच बंद करा ना." मी तेव्हा या पंपाची गोष्ट सांगते. घाटातल्या संरक्षक भिंतींमधून पाइपांची तोंडं बाहेर आलेली तुम्ही पाहिली असतील. भिंतीमागचं पाणी तिथून निघून जातं म्हणून भिंत उभी राहते. ओघळ वाईट दिसतात म्हणून ती तोंडं लिंपली, तर पहिल्या मोठ्या पावसात भिंत रस्त्यावर येईल.

शेवटचं सांगते आणि थांबते. आपल्या वर्गात एक मुलगा होता. तो आज इथे बसला आहे, नाव घेत नाही. गणिताच्या तासाला दर पाच मिनिटांनी तो उभा राहायचा आणि म्हणायचा, "सर, कळलं नाही." आपण सगळे हसायचो. पण कळलेलं आपल्यालाही नसायचं, फक्त उठायचं धाडस त्याच्यात होतं. सरांनी त्याला कधी "खाली बस" म्हटलं नाही. फळा पुसायचे आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून मांडायचे. त्या पुसलेल्या फळ्यावर आपली अख्खी तुकडी पास झाली.

सर, तुम्ही समोर बसला आहात. तुम्ही ते भोक कधी बुजवलं नाहीत, त्याबद्दल आम्हा सगळ्यांच्या वतीने नमस्कार करते.