श्वास अठरा

(चेरीताल येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



पत्रिकेत विषय छापलाय ‘परिचर्या शिक्षण आणि डिजिटल तंत्रज्ञान’. ते वाचून नातवानं विचारलं, आजी, तुला ओटीपी तरी टाकता येतो का? (हशा) येतो. चश्मा लावून, दुसऱ्या खेपेला. तेव्हा तज्ज्ञ म्हणून नको, वॉर्डात आणि वर्गात जन्म काढलेली बाई म्हणून ऐका. मधूनमधून हिंदी येईल. जबलपूरच्या चौथ्या पिढीकडून सदाशिव पेठेची अपेक्षा ठेवू नका.

नाइटिंगेलबाई, क्रिमिया, तो दिवा, हे तुम्हाला पाठ आहे, सोडून देते. एवढंच सांगते की बाई दिव्यापेक्षा आकड्यांच्या होत्या. १८५८ साली त्यांनी सैनिकांच्या मृत्यूंची पाकळ्यापाकळ्यांची रंगीत आकृती छापली. जखमांपेक्षा रोगराईनं जास्त माणसं मेली, हे ती पाहिल्याबरोबर कळत होतं. म्हणजे डेटा-बिटा आमच्याकडे कॉम्प्युटरच्या आधीपासून आहे.

आता टीपीआर चार्ट. ताप, नाडी, श्वास. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी बोटांना लागते. श्वास मोजायला मात्र पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत उभं राहावं लागतं, आणि तेही पेशंटला कळू न देता. कळलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर तेवढी हळूच छातीवर न्यायची. हे मी मुलींना पहिल्याच आठवड्यात शिकवायचे. आणि वॉर्डात चाळीस पेशंट, ड्यूटीवर सिस्टर एक, असं असलं की काय होतं? सगळ्यांचे श्वास अठरा. खोकणाऱ्याचे अठरा, घोरणाऱ्याचे अठरा. फार तर वीस. तुम्ही हसताय, पण दुसऱ्या रांगेत माझ्या दोन विद्यार्थिनी बसल्यात. त्या हसत नाहीयेत बघा.

मीही लिहिलेत. २२ मे १९९७. ही तारीख इथं कुणाला समजावून सांगायला नको. पहाटे सव्वाचार वाजून गेले होते, माझी नाइट होती. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. आधी वाटलं, खालून ट्रक जातोय. मग सलाइनचे स्टँड एकमेकांवर आपटायला लागले आणि बिजली गेली. ज्यांना चालवत होतं ते आमच्या आधी अंगणात. उरलेल्यांना आम्ही गाद्यांसकट ओढत बाहेर काढलं. एक आजी म्हणे, माझी कवळी आत राहिली, ती आणल्याशिवाय हलणार नाही! वॉर्डबॉय खरोखर परत आत गेला. कवळी घेऊन आला, पण दुसऱ्याची. (हशा) असो. मेट्रननं हुकूम सोडला, उजाडेपर्यंत प्रत्येकाचा टीपीआर पुन्हा घ्या. टॉर्च तोंडात धरून मी एकेकापाशी बसले. अकरा नंबरच्या म्हाताऱ्याचे श्वास भरले चौतीस. परत मोजले, चौतीसच. चार्ट बघितला. रात्री दोनचा रकाना, अक्षर माझं, श्वास अठरा.

म्हातारा वाचला. माझ्यामुळे नाही, भूकंपामुळे.

(थोडा वेळ शांतता) अध्यक्ष घड्याळ बघताहेत. हे पाच मिनिटांत उरकायचं ठरवलं होतं मी.

तर डिजिटल. माझी तक्रार यंत्रावर नाही. बोटाला लावतात तो चिमटा, पल्स ऑक्सिमीटर, त्यामागची युक्ती १९७४ साली जपानच्या ताकुओ आओयागींनी मांडली. तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार पाठवायचे आणि कुठला किती गिळला गेला त्यावरून रक्तातला ऑक्सिजन ओळखायचा. कोरोनात तो घरोघरी पोचला. पण त्याच २०२० सालच्या डिसेंबरात अमेरिकेत असं दिसून आलं, की काळ्या कातडीच्या पेशंटांमध्ये ऑक्सिजन उतरलेला असूनही चिमट्याला ठीक वाटतो, असं गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडतं. आपण सगळे कुठल्या रंगाचे आहोत ते आरशात बघा. चिमटा ९४ म्हणतोय आणि माणूस खांदे उडवत श्वास घेतोय, तर मी खांद्यांवर विश्वास ठेवीन.

नव्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात आता हेल्थ इन्फर्मॅटिक्सचा स्वतंत्र विषय आहे, सिम्युलेशन लॅब आहे. चांगलं आहे. पुतळा छाती वरखाली करतो, मुली बरोबर मोजतात. पण पुतळा लाजत नाही, आणि शेजारच्या खाटेवरून ‘सिस्टर, बेडपॅन’ अशी हाकही मारत नाही.

आणि ज्या राज्यात नर्सिंग कॉलेजच कागदावर होतं, तिथं लॅबचं काय सांगायचं? आपल्याच हायकोर्टात २०२२ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांची संघटना गेली. इमारत नाही, हॉस्पिटल नाही, शिक्षक नाहीत, आणि मान्यता आहे! सीबीआयकडे तपासणी गेली, तर मे २०२४ मध्ये त्या तपासणीतल्याच अधिकाऱ्याला लाचेच्या आरोपावरून सीबीआयनं अटक केली. मुलींच्या परीक्षा मात्र वर्षानुवर्षं लटकल्या. मागचे एक गृहस्थ उठून चाललेत... नाही नाही, बसा, तुम्हाला नाही म्हटलं! (हशा)

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ म्हणजे पाच.

नोंदींच्या ‘अनमोल’ टॅबलेटची गोष्ट गाळते. कुंडमकडच्या एएनएमला, म्हणजे गावच्या नर्सबाईला विचारा, आधी वही, मग टॅबलेट, मग नेटवर्क शोधत टेकडी. ई-संजीवनीचं मात्र सांगायलाच हवं. खेड्यातल्या केंद्रात पेशंटजवळ नर्स किंवा सीएचओ, म्हणजे तिथली आरोग्य अधिकारी, आणि डॉक्टर शहरात पडद्यावर. डॉक्टरच्या हातात मनगट नाही, नर्सनं सांगितलेला आकडा आहे. वर्षाच्या आतल्या बाळाचे, म्हणजे दोन महिन्यांनंतरच्या, श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त असले तर न्यूमोनियाचा संशय. वर्ष ते पाच वर्षं, चाळीस. अठ्ठेचाळीस की बावन्न, एवढ्यावर औषध बदलतं. तिथं अंदाजानं लिहिलेला आकडा कागदावर असता तर फाइलीबरोबर रद्दीत गेला असता. आता त्याचा सुबक आलेख होतो, भोपाळला जातो, उद्या त्यावरून यंत्रं शिकतील. म्हणून माझं एकच म्हणणं आहे, आणि आमच्या कमिट्यांवरची माणसं त्याला कंटाळलीत: मुलीच्या हाती टॅबलेट द्यायच्या आधी सेकंदकाट्याचं घड्याळ द्या, आणि वॉर्डात तिला ते एक मिनिट द्या. एक सिस्टर चाळीस पेशंट ठेवलेत, तर ॲप कुठलंही आणा, श्वास अठराच येणार.

दुसरी चिठ्ठी. संपवते. अध्यक्षसाहेब, मघाशी सेक्रेटरींचं प्रास्ताविक चालू असताना मी सारखी घड्याळात बघत होते, तुम्हाला वाटलं असेल बाई कंटाळल्या. तुमचे चोवीस भरले. जिना चढून आला होतात, मान्य. प्रास्ताविक लांबलं म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा मोजले, बावीस. घाबरू नका, पण आभार होईपर्यंत उठूही नका. मी येतेच तिकडे, मनगट द्या.